जड वजन उचलताना घोळणा फुटला तर: तालमीत आणि जिममध्ये काय करावे

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी आणि निपाणी या पट्ट्यात तालमीची परंपरा जुनी आहे आणि तिच्या जोडीला आता लहान गावांतूनही लोखंडी वजनांच्या जिम उभ्या राहिल्या आहेत. अशा ठिकाणी जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणे) किंवा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) मारताना एखाद्या पोराचा घोळणा फुटला की भोवतीची मंडळी सहसा दोनपैकी एक काहीतरी करतात. कोणी त्याला आडवे पाडून, डोके मागे करून टाळूवर गार पाणी ओततात, तर कोणी कौतुकाने मोबाइल बाहेर काढून रक्ताळलेल्या चेहऱ्याचे चित्रण करू लागतात. पहिली गोष्ट अपायकारक आहे आणि दुसरी निव्वळ पोरकट आहे. नाकातून रक्त येणे हा ताकदीचा पुरावा नाही, त्याचप्रमाणे बहुतेक वेळा ते जिवावरचे संकटही नसते.

वजनाने शीर फोडली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेकदा ती शीर कोरड्या हवेने, धुळीने, सर्दीने किंवा बोटाच्या सवयीने आधीच फुटायला टेकलेली असते आणि वजन फक्त शेवटचा रेटा देते. म्हणून रक्त थांबवल्यानंतर पहिली चौकशी नाकाची, दुसरी श्वासाची आणि तिसरी रक्तदाबाची करावी. वजन कमी करायचे की नाही, हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो.

रक्त कोठून येते

दोन्ही नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या अगदी पुढच्या भागात, करंगळीचे टोक सहज पोहोचेल अशा जागी, अनेक धमन्यांच्या बारीक शाखा येऊन एकमेकींत गुंफलेल्या असतात. वैद्यकात या जागेला लिटलचा भाग आणि त्या जाळ्याला किसेलबाखचे जाळे म्हणतात. तेथील त्वचा अतिशय पातळ असते, तिच्याखाली मऊ मांस नसून थेट कूर्चा असते आणि आत येणारी हवा प्रथम तिच्यावरच आदळते. घोळणा फुटण्याच्या सुमारे ९० टक्के घटनांत रक्त याच भागातून येते, आणि ही समाधानाची बाब आहे, कारण ही जागा बाहेरून बोटांनी दाबता येते. उरलेल्या थोड्या घटनांत रक्त नाकाच्या मागच्या बाजूच्या मोठ्या वाहिनीतून येते. ते घशात उतरते, बोटांनी दाबून थांबत नाही आणि त्याला रुग्णालयच लागते.

जड वजनाखाली शरीरात किती दाब तयार होतो, याची कल्पना अनेकांना नसते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असतानाचा रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये (पायांनी वजन ढकलण्याच्या व्यायामात) त्यांचा सरासरी उच्चांक ३२०/२५० इतका भरला आणि एका खेळाडूचा आकडा ४८०/३५० च्याही पुढे गेला. हे उच्चांक क्षणभराचे असतात आणि वजन खाली ठेवल्यावर दाब झपाट्याने उतरतो. मात्र त्याच वेळी श्वास कोंडलेला असल्यामुळे छातीतील दाब वाढतो, डोक्याकडून परत येणारे रक्त अडते, मानेच्या शिरा फुगतात आणि चेहरा लालबुंद होतो. पुढून धमन्यांचा रेटा आणि मागे शिरांचा तुंबारा, अशा कात्रीत नाकातील ते पातळ जाळे सापडते.

बार हातात असतानाच रक्त आले तर

नाकाकडे हात नेण्याआधी वजन सुरक्षित खाली ठेवावे. डेडलिफ्ट असेल तर बार ताब्यात ठेवून जमिनीवर टेकवावा. स्क्वॉट असेल तर पुढचा रेप (वजनाची एक उचल) न मारता बार स्टँडवर नीट बसला आहे याची खात्री करावी. बेंच प्रेसमध्ये प्रसंग अधिक नाजूक असतो, कारण उताणे पडल्यामुळे रक्त थेट घशात उतरते, ठसका लागतो आणि ठसक्याबरोबर हात सैल पडू शकतात. अशा वेळी जोडीदाराने विचारत न बसता बार उचलून घ्यावा आणि खेळाडूला कुशीवर वळवून उठवून बसवावे. नाक वर ओढून, रक्त गिळून, सेट (सलग रेपची फेरी) पूर्ण करण्याचा हट्ट कोणी करू नये; त्या दिवशीचा जड व्यायाम तेथेच संपला असे धरावे.

दाबण्याची योग्य रीत

पाट, बाक, खुर्ची किंवा पायरी, जे जवळ असेल त्यावर ताठ बसावे आणि कमरेतून किंचित पुढे झुकावे. कमरेचा पट्टा ताबडतोब सोडावा. नाकात मोठी गुठळी अडकल्यासारखी वाटत असेल तर एकदाच हलकेच शिंकरून ती बाहेर काढावी. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी घट्ट धरावा. येथेच बहुतेकांची चूक होते, कारण चष्मा टेकतो त्या हाडाळ भागावर बोटे दाबून माणूस निर्धास्त बसतो आणि रक्त खालून वाहतच राहते. हाड संपून नाक जेथे मऊ होते, त्याच्या लगेच खाली, दोन्ही पुड्या पूर्ण बंद होतील अशी चिमटी हवी. ती बरोबर बसली की बोलताना आवाज गेंगाणा येतो, हीच तिची साधी खूण आहे.

चिमटी धरल्यावर घड्याळ पाहावे आणि पूर्ण १५ मिनिटे ती सोडू नये. दर दोन मिनिटांनी बोटे काढून ‘थांबले का’ म्हणून पाहणाऱ्याचे रक्त थांबत नाही, कारण नुकतीच धरू लागलेली गुठळी तो स्वतःच उखडत असतो. तोपर्यंत तोंडाने सावकाश श्वास घ्यावा, तोंडात आलेले रक्त थुंकावे आणि गिळू नये. पोटात गेलेल्या रक्ताने मळमळते, उलटी होते आणि उलटीच्या जोराने पुन्हा नाक वाहू लागते. कपाळावर किंवा नाकाच्या वरच्या भागावर बर्फ ठेवल्यास बरे वाटते, परंतु बर्फ हा चिमटीला पर्याय नाही.

आपल्याकडचे घरगुती उपाय येथे विचारात घ्यावे लागतात, कारण तालमीत कोणी ना कोणी वडीलधारे ते सुचवतातच. फोडलेला कांदा हुंगवल्याने नाक चुरचुरते आणि शिंक आली तर रक्त वाढते. दूर्वांचा रस नाकात पिळण्याची पद्धत जुनी आहे, पण न उकळलेला, मातीतून आलेला रस उघड्या जखमेवर घालणे इष्ट नाही. कापसाचे किंवा टिश्यूचे बोळे खोल कोंबू नयेत. ते काढताना खपली निघते आणि एखादा तुकडा आतच राहतो. टाळूवर पाणी ओतण्यासाठी डोके मागे करणे ही यांतली सर्वांत वाईट सवय होय.

पहिल्या १५ मिनिटांनी रक्त थांबले नाही तर पुन्हा तितकाच वेळ चिमटी धरावी. नाक मोकळे करण्यासाठी मिळणारा झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचा फवारा शिरा आकसवतो आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा वापरल्यास त्याचा उपयोग होतो. मात्र रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दवाखाना केव्हा गाठावा

अर्धा तास नीट दाबूनही रक्त वाहत असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. चिमटी बरोबर असताना मोबाइलच्या उजेडात घसा पाहिला आणि मागच्या भिंतीवरून रक्ताची धार उतरताना दिसली, तर ते मागच्या वाहिनीचे रक्त समजून लगेच निघावे. बार किंवा प्लेट नाकावर आपटली असेल, चक्कर किंवा धाप येत असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तरीही हाच नियम लागू होतो. रेप चालू असताना डोक्यात वीज चमकल्यासारखी अचानक असह्य कळ आली, दृष्टी अंधूक झाली, बोलणे अडखळले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर नाकाचे रक्त थांबले तरी विषय संपत नाही. ही मेंदूतील रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात आणि येथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

कर्नाटकात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पलीकडचा माणूस कन्नडमध्ये बोलेल हे गृहीत धरावे. ‘मूगिनिंद रक्त बरुत्तिदे, निल्लुत्तिल्ल’ एवढे सांगून गावाचे आणि जवळच्या खुणेचे नाव दिले तरी काम भागते. बेळगाव आणि खानापूरच्या लोकांना बेळगाव शहरातील जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये सोयीची आहेत, तर निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. सीमा कोणत्या बाजूची आहे याचा विचार अशा वेळी करू नये. मात्र सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही, म्हणून हाताशी थोडे पैसे असावेत.

याखेरीज एक इशारा या भागातील लोकांनी विशेष लक्षात ठेवावा. अंगात ताप असताना, अंगावर बारीक लाल ठिपके असताना किंवा हिरड्यांतूनही रक्त येत असताना घोळणा फुटला, तर त्याचा संबंध व्यायामाशी जोडू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका प्रथम घ्यावी. खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी, किंवा तेथे लाकूडफाट्यासाठी आणि गुरांमागे जाणाऱ्यांनी, माकडतापाचाही विचार करावा. जंगलातील गोचिडांमुळे होणाऱ्या या तापाचे रुग्ण शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागांत आढळलेले आहेत आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो. असा ताप अंगात असताना डिस्प्रिन किंवा ब्रुफेन घेणे धोक्याचे आहे.

नाक आधी दुरुस्त करावे

आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते आणि त्यानंतर ती भरभर कोरडी होत जाते. नेमक्या त्याच सुमारास ऊसतोडणी सुरू होते, शिवारात पाचट पेटते, रस्त्यांवर धूळ उडते आणि तालमीतील लाल माती खणली की तिचा फुफाटा नाकात जातो. निपाणीकडे तंबाखूची धूळ आहे, उद्यमबागेतील फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या नाकात वाळूची आणि धातूची बारीक पूड बसते. दिवसभर अशा हवेत राबून संध्याकाळी वजन मारायला येणाऱ्या माणसाच्या नाकात खपल्या धरलेल्या असतात, आणि मग हातावर फासलेल्या मॅग्नेशियमच्या पावडरीची भर पडते. त्याला वजन कमी कर म्हणून सांगण्यापेक्षा नाक धुऊन ये म्हणून सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा फवारा दिवसातून दोन-तीन वेळा, आणि व्यायामाच्या अर्धा तास आधी एकदा वापरावा. घरी पाणी तयार करायचे असेल तर ते उकळून थंड केलेलेच घ्यावे. विहिरीचे किंवा बोअरचे कच्चे पाणी नाकात ओढू नये. रात्री झोपताना कापसाच्या काडीने व्हॅसलिनचा किंवा साजूक तुपाचा अगदी पातळ थर मधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर फिरवावा. काडी कापसाच्या बोंडाइतकीच आत जावी, भिंत घासू नये आणि हात जड असेल तर करंगळीच्या टोकाने बाहेरच्या कडेला लावून नाक हलकेच चिमटावे, म्हणजे थर आपोआप पसरतो. नखे कापलेली असावीत हे सांगायला नको, परंतु नाकात बोट घालण्याची सवय हेच अनेकांच्या बाबतीत खरे कारण असते आणि ते कोणीही आपण होऊन सांगत नाही.

तपकीर ओढणाऱ्यांचे नाक बरे होण्याची अपेक्षा करू नये. तपकीर बंद केल्याशिवाय बाकीचे उपाय वाया जातात. मोठ्या लिफ्टच्या आधी हुंगण्यासाठी जी अमोनियाची कुपी वापरली जाते, तीही याच वर्गात मोडते. तिचा झटका अमोनियाने नाकाची आतली त्वचा चुरचुरल्यामुळेच लागतो, त्यामुळे ज्याचा घोळणा एकदा फुटला आहे त्याने ती वर्ज्य करावी. नाक चोंदते म्हणून मोकळे करणारा फवारा महिनोन्‌महिने मारणारेही पुष्कळ आहेत. तो काही दिवसांपलीकडे वापरला की नाक कोरडे पडते आणि आणखी चोंदते.

नेहमी एकाच पुडीतून रक्त येत असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावे. पडदा वाकडा असेल तर वाकलेल्या बाजूवर हवा आदळून ती जागा सुकते. एखादी शीर वारंवार फुटत असेल तर तज्ज्ञ सिल्व्हर नायट्रेटने ती डागतात. हे काम बहुधा बाह्यरुग्ण विभागातच उरकते. किशोरवयीन मुलाला एका बाजूने पुन्हापुन्हा रक्त येऊन तीच बाजू सतत चोंदलेली राहत असेल, तर विलंब करू नये, कारण या वयातील मुलग्यांत नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ क्वचित आढळते.

गोळ्या आणि डबे

अंगदुखीसाठी घेतलेली अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन ही औषधे रक्त गोठण्याची क्रिया मंदावतात. साध्या दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली अॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. व्यायामापूर्वी घेण्याच्या भुकटीत कॅफीन मोठ्या प्रमाणात असते, तिने रक्तदाब चढतो. घोळणा फुटण्याचा काळ आणि नवा डबा सुरू केल्याचा काळ जुळतो का ते पाहावे. जिममध्ये गुपचूप मिळणारी ‘इंजेक्शने’ म्हणजे स्टेरॉइड रक्तदाबही वाढवतात आणि रक्तही घट्ट करतात. डॉक्टरांसमोर बसल्यावर ही गोष्ट लपवणे म्हणजे त्यांना डोळे बांधून नाक तपासायला लावणे होय.

श्वासाची शिस्त

जड वजनाखाली क्षणभर श्वास रोखणे पूर्णपणे टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण पोटातील त्या दाबावरच कणा सावरलेला असतो. चूक होते ती श्वास कोठे आणि किती वेळ कोंडला यात. छाती फुगवून, ओठ आवळून, गाल फुगवून घेतलेला श्वास सगळा दाब चेहऱ्याकडे ढकलतो. श्वास नाभीच्या खाली आणि कुशींकडे भरावा. पट्ट्याच्या आत दोन्ही बाजूंना बोटे घातली तर श्वास घेताना ती बाहेर ढकलली गेली पाहिजेत. जबडा सैल असावा, मान पाठीच्या रेषेत असावी आणि छताकडे पाहू नये. रेपचा सर्वांत कठीण टप्पा ओलांडताच दातांच्या फटीतून ‘स्स’ असा आवाज करीत हवा हळूहळू सोडावी आणि वर उभे राहिल्यावर नवा श्वास घेऊनच पुढचा रेप सुरू करावा. एका श्वासात तीन-चार रेप उरकण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्याच चेहऱ्यावर डोळ्यांभोवती लाल ठिपके उमटलेले दिसतात.

पट्टा इतका आवळू नये की पोटाला फुगायला जागाच राहणार नाही, आणि दोन सेटच्या मध्ये तो सोडावा. डोके खाली येणारा तिरका बेंच आणि पाय डोक्यापेक्षा बरेच वर जाणारे लेग प्रेसचे यंत्र ही दोन साधने नाक पूर्ण बरे होईपर्यंत बाजूला ठेवावीत. जुने वस्ताद जोर-बैठका मारताना प्रत्येक जोराला श्वास सोडायला लावतात. त्यांचे ऐकलेले पोरगे जिममध्ये आल्यावर या बाबतीत इतरांपेक्षा लवकर तयार होते.

रक्तदाब मोजण्याविषयी

रक्त वाहत असताना किंवा नुकतेच थांबल्यावर मोजलेला आकडा भीतीनेच चढलेला असतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. नंतरच्या आठवड्यात रोज सकाळी, चहा आणि व्यायामापूर्वी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोन वेळा मोजावा आणि आकडे लिहून ठेवावेत. दंड जाड असलेल्यांनी मोठ्या मापाचा पट्टा वापरावा, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जड वजनाला हात लावू नये. वय विशीचे आहे म्हणून ही तपासणी टाळणे बरोबर नाही.

पुन्हा वजनाकडे

पहिले २४ तास जड काम, जोराने नाक शिंकरणे, खाली वाकून ओझे उचलणे, दारू आणि वाफाळता चहा हे सर्व टाळावे आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे. साधा, लवकर थांबलेला रक्तस्राव असेल तर त्यानंतर दोन-तीन दिवस चालणे आणि हलका व्यायाम करावा. पुढे नेहमीच्या वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करून, श्वास न कोंडता, आठ-दहा रेपचे सेट मारावेत. आठवडाभर रक्त आले नाही तर वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे; एका रेपच्या कमाल वजनाची घाई दुसऱ्या आठवड्यापूर्वी करू नये. शीर डागली असेल किंवा नाकात पट्टी भरली असेल तर हा हिशेब लागू होत नाही, तेथे डॉक्टर सांगतील तीच मुदत पाळावी. स्पर्धेसाठी वजन गटात बसावे म्हणून पाणी तोडणाऱ्यांचे, म्हणजे पाणी पिणे कमी करणाऱ्यांचे, नाकही कोरडे पडते, त्यामुळे ज्याला हा त्रास आहे त्याने पाणी तोडण्यापेक्षा वरच्या गटात उतरणे शहाणपणाचे.

सांडलेले रक्त

बारच्या खाचांत गेलेले रक्त नुसत्या फडक्याने निघत नाही आणि तोच बार पुढच्या माणसाच्या फाटलेल्या तळहाताला लागतो. कावीळ ब सारखे आजार अशा वाटेने पसरू शकतात. हातमोजे घालून प्रथम कागदाने रक्त टिपावे, मग एक भाग ब्लीचिंग द्रावण आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण लावून दहा मिनिटे ठेवावे, खाचा ब्रशने घासाव्यात आणि गंज चढू नये म्हणून शेवटी साध्या पाण्याने पुसून कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. आखाड्यात रक्त सांडले असेल तर तेवढी माती खोऱ्याने उचलून बाहेर टाकावी. मातीत हळद आणि ताक मिसळलेले आहे, तेवढ्याने ती शुद्ध होते असे समजू नये.